तीन हजार मीटरवरची बाग

वाईनच्या बाटलीवर हल्ली द्राक्षाच्या जातीखालोखाल ठळक छापला जातो तो उंचीचा आकडा. १४५० मीटर, २३०० मीटर, ३१११ मीटर. आकडा मोठा तितकी वाईन थोर, असं गिऱ्हाईक समजतं आणि विकणाराही ते खुशाल समजू देतो. नाशिकला टेस्टिंगच्या टेबलाशी उभी असले की कुणीतरी विचारतंच, "आपल्याकडे का नाही हो करत इतक्या उंचावर?" माझा धंदाच वाईन करण्याचा. इकडची तोडणी मार्चमध्ये आटोपली की अर्जेंटिनाच्या साल्ता प्रांतात, काल्चाकी खोऱ्यात, तिकडच्या हंगामाला हात लावायची संधी मला मिळत आली आहे. तेव्हा उत्तर जरा पाल्हाळानेच देते.

नुसत्या उंचीवरून काही कळत नाही. विषुववृत्तापासून आपण किती लांब आहोत, तेही सोबत बघावं लागतं. स्वित्झर्लंडमध्ये फिस्पर्टर्मिनेन गावच्या बागा साधारण ११०० मीटरपर्यंत चढतात आणि तिथे त्याचंच केवढं कौतुक, कारण ते गाव ४६ अंश उत्तरेला आहे. काल्चाकी खोऱ्यातली कोलोमे इस्टेट आहे २५ अंश दक्षिणेला, मकरवृत्ताच्या जेमतेम पलीकडे. त्या अक्षांशावर थंडावा हवा असेल तर डोंगर चढण्यावाचून गत्यंतर नाही. हजार मीटर वर गेलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. म्हणून इस्टेटीची मुख्य बाग २३०० मीटरवर आहे आणि सगळ्यांत वरची, आल्तुरा माक्सिमा, ३१११ मीटरवर. तिबेटात ल्हासाच्या बाजूला याहूनही उंच बाग लावली गेली आहे. ही चढाओढ चालू राहणार, चालू द्या.

मग आपली कळसूबाई काय वाईट? तिचा माथा १६४६ मीटर. साल्तामधलं द्राक्षांचं मोठं गाव काफायाते त्याहून थोडं उंचावरच वसलंय. पण काफायातेला वर्षाकाठी पाऊस पडतो दोनशे मिलिमीटरच्या आसपास, आणि महाबळेश्वरला पाच हजारांच्या वर. काल्चाकी खोऱ्याच्या पूर्वेच्या रांगा ढग अडवून धरतात, खोरं कोरडं राहतं. आपल्याकडे ढग अडवणारा डोंगर म्हणजे खुद्द सह्याद्रीच. त्याच्या माथ्यावर बाग लावली तर द्राक्षाआधी केवडा रोग येईल. नाशिकची बाग सह्याद्रीच्या आडोशाला सहाशे मीटरच्या आसपास आहे, आणि थंडावा आपण मिळवतो तो छाटणीच्या वेळेतून. फळछाटणी पाऊस सरताना घ्यायची म्हणजे घड थंडीत वाढतात. एप्रिलची खरड छाटणी वेगळीच, म्हणजे वर्षातून दोनदा कात्री. साल्ताची वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपली वेल झोपत नाही बिचारी.

पण लोकांना उंची म्हटली की फक्त थंडी आठवते. डोंगरावर खरी गाठ पडते ती उन्हाशी. हवा विरळ झाल्याने अतिनील किरण हजार मीटरमागे सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात. दुपारी बागेत तासभर उभं राहा, रात्री गारठ्यात शाल पांघरून बसाल तेव्हा मानेची कातडी सोलत असते. द्राक्षाला सावलीत पळता येत नाही, म्हणून ते सालीतच बंदोबस्त करतं. साल जाड होते, तिच्यात रंगद्रव्यं आणि टॅनिन भरतात. अर्जेंटिनातल्याच मेंडोझाच्या संशोधकांनी १४५० मीटरवर माल्बेक या काळ्या द्राक्षाच्या काही वेलींवर यूव्ही-बी किरण गाळणारं प्लास्टिक पसरून पाहिलं आणि काही वेली उघड्या ठेवल्या. उघड्या वेलींच्या सालीत पॉलिफेनॉल, म्हणजे हीच रंगद्रव्यं आणि टॅनिन, जास्त निघाले, मणी मात्र लहान राहिले. रस कमी आणि साल जास्त. दाट, काळपट जांभळ्या वाईनचं मूळ इथे आहे.

तोडणीच्या दिवसांत सकाळी बागेत फिरून मणी चाखणं हे माझं काम. मीटरवर ब्रिक्स, म्हणजे साखरेचा आकडा, दिसतोच, पण मी आधी मणी चिमटीत दाबून देठापासून किती सहज सुटतो ते बघते. मग गर गिळायचा, बिया तळहातावर थुंकायच्या आणि साल एकटीच चघळत राहायचं. बिया हिरव्या असतील तर थांबा. तपकिरी, दाताखाली कडकन फुटणाऱ्या असतील तर बरं. सालीने हिरड्या खरखरीत झाल्या की टॅनिन अजून कच्चं. साल्तातली अडचण अशी की ऊन साखर भराभर चढवतं, रात्रीच्या गारठ्यात आंबटपणा टिकतो हे चांगलंच, पण टॅनिन आपल्या चालीने पिकतं. मीटर पंचवीस दाखवत असतो आणि साल म्हणते अजून आठवडा. तो आठवडा थांबलात तर अल्कोहोल पंधरा टक्क्यांना भिडणार. इथे कोण काय ठरवतो त्यावरून वाईन करणारा ओळखावा. माझा कल लवकर तोडण्याकडे.

आणि सावलीकडे. फ्रान्सच्या गारव्यात घडांसमोरची पानं काढतात, म्हणजे ऊन लागतं. साल्तात ती नक्कल केली तर घड भाजून निघतात. पश्चिमेकडची, म्हणजे दुपारच्या उन्हाची, पानं राखायची. तोरोंतेस ही तिथली पांढरी जात, मस्कत ऑफ अलेक्झांड्रिया आणि जुन्या क्रिओल्या जातीचा संकर. तिची साल उन्हाने करपली की वाईनला कडवट शेपूट लागतं. जुन्या लोकांना हे माहीत होतं. त्यांनी तोरोंतेस मांडवावर चढवली, अगदी आपल्या नाशिकसारखी, घड पानांच्या छपराखाली लोंबते ठेवून. तारांवरच्या उभ्या बागा दिसायला देखण्या असतात, फोटोही छान येतात. मला मांडव जास्त शहाणा वाटतो.

वायनरीत मुख्य काम म्हणजे हात आखडता घेणं. रस आंबायला लागला की साली वर तरंगून थर धरतात, त्याला आम्ही कॅप म्हणतो. खालचा रस पंपाने त्यावर सोडत राहिलं की रंग आणि टॅनिन उतरतं. तिथल्या सालीत दोन्ही इतकं ठासलेलं असतं की पहिल्या काही दिवसांतच पुरेसं मिळून जातं. पुढे अल्कोहोल वाढलं की बियांमधलं टॅनिन सुटू लागतं, म्हणून तेव्हा पंप कमी करायचा. जास्तीची लालूच धरणाऱ्याची वाईन शाईसारखी होते.

प्रयोगशाळेतही डोंगर आडवा येतो. अल्कोहोल मोजायची एक जुनी पद्धत म्हणजे वाईन उकळून तिचा उत्कलनबिंदू बघणं. तो पाण्यापेक्षा किती खाली आहे त्यावरून टक्केवारी काढतात. कोलोमेच्या उंचीवर पाणीच ९२ अंशांच्या सुमाराला उकळतं आणि हवेचा दाब बदलला की तेही थोडं सरकतं. त्यामुळे आधी नुसतं पाणी उकळून शून्य लावायचं, मग वाईन. पिंपांचंही तेच. हवा इतकी कोरडी की लाकडातून पाणी अल्कोहोलपेक्षा जास्त उडतं. तळघरात ओलावा राखला नाही तर पिंपातली वाईन बसल्या जागी आणखी कडक होते.

कोलोमेचा इतिहास १८३१ पासूनचा. फ्रेंच वेली तिथे १८५४ मध्ये आल्याचं सांगतात. २००१ मध्ये स्विस उद्योजक डोनाल्ड हेस यांनी ती इस्टेट घेतली आणि २००९ मध्ये बागेशेजारी जेम्स टरेल या प्रकाशाशी खेळणाऱ्या कलावंताचं संग्रहालय उभं केलं. ज्या उन्हापासून घड वाचवता वाचवता आम्ही मेटाकुटीला येतो, त्याच उन्हाच्या गावी प्रकाश बघायला लोक धुळीच्या रस्त्याने तासन्‌तास गाडी हाकत येतात!

परदेशातून कुणी साल्ताची बाटली आणून दिलीच, तर माल्बेक तांबड्या रश्श्याबरोबर उघडू नका. चौदा-पंधरा टक्के अल्कोहोल तिखटाला आणखी पेटवतं. भाजलेलं मटण चालेल, आणि बाटली आधी वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. तोरोंतेस मात्र फराळाला काढायला हरकत नाही. वास गुलाब-मोगऱ्याचा, त्यामुळे गोड असेल असं वाटतं, पण असते ती बहुधा कोरडी. शेव-चिवड्याचं तेल ती छान कापते. साठवून ठेवू नका, दोन वर्षांत तो वास उडून जातो.