शेवटच्या फेरीत गळालेल्या भाचीस

जसोंडी, जि. बऱ्हाणपूर



तुझं पत्र पोचलं. लेखी निघाली, कोडिंगची फेरी निघाली, टेक्निकल मुलाखतही बरी गेली आणि एचआरच्या फेरीनंतर लागलेल्या यादीत नाव नव्हतं, एवढंच तू लिहिलं आहेस. त्याखाली एक वाक्य आहे: ‘माझ्यातच काहीतरी कमी असणार.’ त्या एका वाक्यासाठी हे लांबलचक पत्र लिहायला बसलो आहे. ते वाक्य चुकीचं आहे असं माझं ठाम मत आहे, आणि मामाची माया म्हणून मी तसं म्हणत नाही. तू हिशेब मांडून विचार करणारी मुलगी आहेस, तेव्हा पुराव्यानिशीच बोलतो.

कॅम्पसवरची भरती कशी चालते हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. नोटीस लागते: दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हीकडे साठ टक्के, बॅकलॉग नको, असलाच तर एखादा, शिक्षणात दोन वर्षांहून मोठा खंड नको. मग ॲप्टिट्यूड, मग कोडिंग, कुठे कुठे ग्रुप डिस्कशन, आणि शेवटी मुलाखती. आधीच्या पायऱ्यांवर काय मोजतात ते उघड दिसतं. प्रोग्रॅम चालतो किंवा चालत नाही. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत मात्र प्रश्नांची जातच बदलते. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ.’ वडील काय करतात? गाव कुठलं, ते कुठे आलं? फावल्या वेळात काय करतेस? पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहतेस? बंगळुरूला जायची तयारी आहे का? आणि मुलींना वर आणखी एक, घरचे पाठवतील का? यांतल्या एकाही प्रश्नाला बरोबर उत्तर नाही. मग गुण कशावर द्यायचे? ऐकणाऱ्याला कसं वाटलं यावर. आणि माणसाला बहुधा तेच बरं वाटतं जे त्याच्या ओळखीचं असतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ही फेरी आज जशी घेतली जाते तशी ती कामाची कुवत मोजत नाही, उमेदवार समोरच्याच्या जगातला आहे की नाही हे मोजते. बाकीचं सगळं पत्र याच एका मुद्द्याचा पाठपुरावा आहे.

सौमित्र शुक्ला नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने आपल्याच देशातल्या एका नामांकित महाविद्यालयाच्या कॅम्पस भरतीचा टप्प्याटप्प्याने अभ्यास केला आहे. बहुराष्ट्रीय कंपन्या तिथे येतात, आणि निवडीच्या शेवटी वेगवेगळ्या जातींच्या मुलांच्या पगारात सुमारे दहा टक्क्यांची तफावत दिसते. ही तफावत नेमकी कुठल्या पायरीवर पडते, हे त्याने शोधलं. अर्जांच्या छाननीत ती जवळपास नाही, लेखी चाचणीत नाही, गटचर्चेतही नाही. ती पडते शेवटच्या बिगर-तांत्रिक वैयक्तिक मुलाखतीत, जिथे घरची पार्श्वभूमी, राहण्याचा भाग, आवडीनिवडी अशा गप्पा होतात. यातली गटचर्चेची गोष्ट नीट ध्यानात घे. बोलण्यातला आत्मविश्वास, मुद्दा मांडणं, दुसऱ्याचं ऐकून घेणं, ज्याला सॉफ्ट स्किल म्हणतात ते सारं तिथे दिसतंच. तिथे वंचित जातींची मुलं मागे पडत नाहीत. म्हणजे ‘खेड्यापाड्यातल्या, साध्या घरच्या मुलांना बोलता येत नाही’ हे कारण पुरत नाही. तीच मुलं, तेच बोलणं, पण चर्चेचा विषय सुटून घराचा विषय निघाला की ती खाली जातात. अभ्यास एका वरच्या दर्जाच्या महाविद्यालयाचा आहे. तुझ्या इंदूरच्या कॉलेजात आकडे वेगळे निघतील, हे मला मान्य आहे. पण प्रश्न मात्र दोन्हीकडे तेच विचारले जातात.

यात कंपनीतली माणसं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. सुरिंदर जोधका आणि कॅथरीन न्यूमन यांनी भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांशी बोलून २००७ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. त्या अधिकाऱ्यांचं म्हणणं असं, की आम्ही फक्त गुणवत्ता पाहतो. आणि त्यांचंच पुढचं म्हणणं असं, की उमेदवाराची ‘फॅमिली बॅकग्राउंड’ विचारलीच पाहिजे, त्यावरून माणूस कळतो. या दोन वाक्यांत विसंगती आहे हे त्यांना जाणवत नव्हतं, कारण शिकलेलं, शहरी घर म्हणजे चांगले संस्कार हे त्यांनी गृहीतच धरलेलं होतं. केळीच्या बागेत राबणारा बाप किंवा बऱ्हाणपूरच्या पॉवरलूमवर रात्रपाळी करणारी आई मुलीला काय शिकवते, हे त्या गृहीतकात बसत नाही. पहाटे पाण्याची पाळी धरायची, बाजार पडला तरी पुढच्या लावणीचं रोप सांगून ठेवायचं, घेतलेलं काम अर्ध्यावर सोडायचं नाही, ही शिस्त कंपनीला हवीच असते. फक्त ती ‘हॉबीज’च्या रकान्यात सापडत नाही.

आता जात, गाव, घर हे सगळं बाजूला ठेवू आणि साधंच विचारू: गप्पांच्या मुलाखतीतून माणसाचं पुढचं काम ओळखता येतं का? अमेरिकेत टेक्सासच्या ह्यूस्टनमध्ये एका वैद्यकीय महाविद्यालयाने १९७९ मध्ये नेहमीप्रमाणे सुमारे आठशे उमेदवारांच्या मुलाखती घेतल्या, क्रम लावला आणि वरच्या क्रमांकांतून दीडशे मुलं घेतली. नंतर विधिमंडळाने आणखी पन्नास जागा वाढवल्या. तोवर चांगली मुलं इतरत्र गेलेली, म्हणून यादीच्या पार तळातून, सातशे ते आठशे या क्रमांकांतून, पन्नास जण घ्यावे लागले. पुढे अभ्यासक्रमात आणि इंटर्नशिपमध्ये दोन्ही गटांची कामगिरी तपासली, तर फरक सापडला नाही. क्रम वेगळा लागला होता तो मुख्यतः मुलाखत घेणाऱ्यांना काय वाटलं त्यावरून. २०१३ मध्ये जेसन डाना आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तर याहून पुढचा प्रयोग छापला. विद्यार्थ्यांना दुसऱ्या विद्यार्थ्यांचे गुण ओळखायला सांगितले. आधीचे गुण पाहून केलेला अंदाज बरा निघाला. मुलाखत घेतल्यावर तो बिघडला. काही मुलाखतींत तर समोरचा ठरवून भलतीसलती उत्तरं देत होता, तरी विचारणाऱ्यांना ते कळलं नाही आणि माणूस आपल्याला समजला असंच वाटत राहिलं. तुला नाकारणाऱ्यालाही पंधरा मिनिटांत तू समजल्यासारखी वाटली असणार. त्याच्या वाटण्यावर तू स्वतःचं मोल ठरवू नकोस.

ज्यांची निवड झाली त्यांच्याकडेही एकदा बघ. इन्फोसिसने २०२२ मध्ये निवडलेल्या सुमारे दोन हजार मुलांना रुजू व्हायला २०२४ उजाडलं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये म्हैसूरच्या केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत चाचणीत नापास झाले म्हणून घरी पाठवलं. प्रत्येकाला तीन संधी दिल्या होत्या, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते खरं धरलं तरी एक प्रश्न उरतोच: ही सगळी मुलं निवडप्रक्रिया पार करूनच आत गेली होती ना? मग त्या निवडीने काय ओळखलं होतं? माझा जीव तुटतो तो त्यांच्यासाठीही. कारण दोन वर्षं वाट पाहून परत आलेला मुलगाही तुझ्यासारखंच म्हणत असेल, की माझ्यातच काहीतरी कमी असणार.

यावर पहिला आक्षेप इंग्रजीचा येईल, आणि तो वजनदार आहे. परदेशी ग्राहकाशी बोलायचं तर इंग्रजी लागतंच. मेहताब आझम, एमी चिन आणि निशिथ प्रकाश यांच्या अभ्यासात भारतात अस्खलित इंग्रजी बोलणाऱ्या पुरुषांची मजुरी, इंग्रजी अजिबात न येणाऱ्यांपेक्षा ३४ टक्क्यांनी जास्त आढळली. थोडंफार येणाऱ्यांची १३ टक्क्यांनी. तेव्हा इंग्रजी शीक, रोज शीक, त्यात माझं दुमत नाही. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात निमाडी आणि हिंदी, शाळेत हिंदी, आणि इंग्रजी चौथ्या पायरीवर येतं. पण इंग्रजी येतं का हे तपासण्याचा रस्ता वेगळा आहे. उमेदवाराला एका पानाचं मॅन्युअल द्या आणि ते ग्राहकाला पाच मिनिटांत समजावून सांगायला लावा. प्रोग्रॅममध्ये सापडलेल्या चुकीबद्दल ईमेल लिहायला सांगा. दोन्हींना गुण द्या. त्यात तू कमी पडलीस तर ते कमी पडणं खरं, आणि भरून काढता येण्याजोगं. ‘वीकेंडला काय करतेस’ या प्रश्नातून इंग्रजीची परीक्षा होत नाही. २०२१ मध्ये तांत्रिक शिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने हिंदी-मराठीतून अभियांत्रिकी शिकवायला परवानगी दिली. शिकणं मातृभाषेत आणि निवड मात्र उच्चारांवर, असं चाललं तर त्या परवानगीचा मुलांना उपयोग काय?

दुसरा आक्षेप असा, की पैसा कंपनीचा, नोकरी कंपनीची. कुणाला घ्यायचं हा तिचा अधिकार. कायद्याने पाहिलं तर बरंचसं खरं आहे. पण कॅम्पस कंपनीचा नाही. तिथे कॉलेज तिला बोलावतं, हॉल देतं, मुलांची माहिती देतं, परीक्षेच्या तारखाही सांभाळून घेतं. इतकं देणाऱ्याला काही अटी घालता येतात. सर्वांना तेच प्रश्न, तेवढाच वेळ, आणि प्रत्येक उत्तराला ठरलेले गुण, अशी मुलाखत गप्पांच्या मुलाखतीपेक्षा कितीतरी विश्वासार्ह ठरते, हे मानसशास्त्रज्ञ श्मिट आणि हंटर यांच्या १९९८ च्या पाहणीत दिसलं आणि २०२२ मध्ये सॅकेट यांच्या फेरतपासणीनेही ते टिकवलं. यात कंपनीचं नुकसान काहीच नाही. उलट ज्या मुलीला तिने गमावलं ती तिला मिळेल.

तिसरा आक्षेप मी स्वतःच घेतो: लेखी परीक्षा तरी कुठे समान असते? ज्याच्या घरी लॅपटॉप आणि चांगलं नेटवर्क, ज्याचा कोटा-इंदूरला क्लास, तो पुढे. बरोबर आहे. आणि जुना काळ काही न्यायाचा नव्हता; गिरणीत चिकटायचं तर आत कुणीतरी ओळखीचा लागे, असं आपले म्हातारे सांगतातच. पण लेखीतला मागासलेपणा मेहनतीने कमी करता येतो, कारण तिथे काय मागतात ते छापलेलं असतं. बापाचा धंदा मेहनतीने बदलत नाही. देशातल्या सर्वात मोठ्या नोकरी देणाऱ्याने, म्हणजे केंद्र सरकारने, हे ओळखलं आणि १ जानेवारी २०१६ पासून गट ‘क’, ‘ड’ आणि गट ‘ब’मधल्या अराजपत्रित पदांसाठी मुलाखतच बंद केली. रेल्वेचे ज्युनिअर इंजिनिअर मुलाखतीविना लागतात. त्याने रेल्वे बंद पडली नाही. खाजगी कंपनीने मुलाखत टाकून द्यावी असं मी म्हणत नाही. सोबत काम करायचा माणूस समोरासमोर पाहावासा वाटणं स्वाभाविक आहे. पण पाहायचं काय, ते आधी लिहून ठेवावं.

एक भीती मात्र मला आहे. हे सगळं वाचून तू म्हणशील, मग दोष त्यांचाच, मी कशाला धडपडू? तसं करू नकोस. मोजमाप सदोष आहे म्हणून कुवत वाढवायची थांबत नाही. पुढच्या वेळी घरचा विषय निघाला तर आडून बोलू नकोस. बाबा केळी लावतात हे सरळ सांग, आणि पुढच्याच वाक्यात तुझ्या प्रोजेक्टवर ये: काय बांधलंस, कुठे अडलं, कसं सोडवलंस. ‘घरचे पाठवतील का’ या प्रश्नाला ‘निर्णय माझा आहे, आणि मी येणार’ एवढं पुरे. कॅम्पसबाहेरच्या परीक्षांचे अर्जही भरून ठेव.

आणि एक काम कर. तुमच्या प्लेसमेंट ऑफिसरला सगळे मिळून एक अर्ज लिहा. त्यात तीनच मागण्या ठेवा: एचआर फेरीचे प्रश्न सर्वांना सारखे असावेत, वडिलांचा धंदा आणि लग्न यांवर प्रश्न नसावेत, आणि नापास झालेल्याला त्याचे गुण कळावेत. निवड झालेल्या मुलांच्याही सह्या घ्या, नाहीतर हरलेल्यांची तक्रार म्हणून तो बाजूला पडेल. पुढची कंपनी यायच्या आत तो द्या. मसुदा आधी मला पाठव, वाचून लगेच परत करतो.

तुझा,
मामा