एक, तीन, चार, दोन!

बालमित्रांनो, काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. जळगाव जामोदला आमच्या अंगणात मात्र वडिलांची जुनी पद्मिनी अजून उभी आहे. तिचं इंजिन आवरणं हा माझा सुट्टीतला उद्योग! इंजिन गार असताना आधी बॅटरीची तार सोडवायची, मग तेलाचा चिकटा पुसायचा. लोंबत्या वायरी धुराच्या तापणाऱ्या नळीपासून दूर बांधायच्या. वितळल्या तर आग लागेल. रंगरंगोटी शेवटी.

आता गंमत पाहा! चार स्पार्क प्लगच्या वायरी वेड्यावाकड्या दिसतात. म्हणून १, २, ३, ४ अशा ओळीने जोडल्या, तर इंजिन चालणारच नाही. ठिणगी पडायला हवी १, ३, ४, २ याच क्रमाने. दिसायला छान, पण कामाला नाही, तर ते आवरणं कसलं? दप्तर आवरताना एवढं आठवाल ना?