वरसावे ते लॅमिंग्टन रोड

वरसावे नाक्यावर गाड्यांना उसंत नसते. ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता इथे अहमदाबाद महामार्गाला मिळतो. समोर वसईची खाडी आणि तिच्यावरचे पूल, पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर. 2023 मध्ये खाडीवर नवा पूल सुरू झाला, तरी कंटेनरच्या रांगा अधूनमधून लागतातच. अशाच एका रांगेच्या कडेने मी आणि टीव्ही दुरुस्त करणारे काका काशीमिऱ्याच्या दिशेने निघालो होतो. माझ्या पाठीवरच्या सॅकमध्ये टॉवेलात गुंडाळलेली मॉनिटरची चेसिस, म्हणजे आतला सर्किट बोर्ड होता. काका दर दहा पावलांनी मागे वळून सांगत, "सॅक आपटू देऊ नकोस रे."

चेसिस आली होती चेण्याच्या बाजूच्या एका जुन्या रिसॉर्टमधून. तिथल्या मागच्या खोलीत व्हिडिओ गेमचं लाकडी कॅबिनेट आहे. आत 'मुस्तफा'. त्याचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स', जपानच्या कॅपकॉम कंपनीने 1993 मध्ये काढलेला गेम. पण त्यातला धावत येऊन लाथ घालणारा मुस्तफा आपल्याकडच्या पोरांना इतका आवडला, की गेमलाच त्याचं नाव पडलं. स्टेशनाबाहेरच्या पार्लरमध्ये टोकन हातात घट्ट धरून नंबराची वाट बघणारी आमची पिढी दुसरं नाव ओळखतही नाही.

मॉनिटर चालू केला तेव्हा पडद्याच्या मधोमध एक झगझगीत आडवी रेघ उमटली. बाकी सगळा काळोख. काकांनी पहिल्यांदा ब्राइटनेस उतरवला, कारण सगळा झोत एकाच जागी पडत राहिला तर तिथला फॉस्फर भाजतो आणि तो डाग मग कायमचा. या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत सेकंदाला पंधरा हजारांहून जास्त वेळा डावीकडून उजवीकडे धावतो आणि साधारण साठ वेळा वरून खाली उतरतो. हे उतरणं थांबलं की सगळं चित्र एका रेघेत गोळा होतं.

"व्हर्टिकल गेलंय," काका म्हणाले. "ट्यूब धडधाकट आहे."

रिसॉर्टच्या तरुण मालकाने विचारलं, "काका, त्यापेक्षा एलईडी टीव्हीच बसवून टाकू का?"

काका काही बोलले नाहीत. मी बोललो, कारण या बाबतीत मला गप्प बसवत नाही. या गेमचं चित्र 384 बाय 224 ठिपक्यांचं. ते चित्र नव्या सपाट पडद्यावर ताणलं की कडा एकतर फुगतात नाहीतर बोथट होतात. शिवाय बऱ्याच टीव्हींमध्ये चित्र आधी साठवून, मोठं करून मग दाखवलं जातं, आणि बटण दाबणं नि लाथ बसणं यांत फट पडते. जुन्या ट्यूबवर बोर्डाकडून ओळ निघते त्याच क्षणी झोत ती काचेवर काढतो. रंग सांडल्यासारखे एकमेकांत मिसळतात, ओळींमध्ये बारीक काळी पट्टी राहते. चित्रकारांनी चित्रं काढली ती याच काचेसाठी.

मालकाने एवढंच म्हटलं, "मग न्या."

प्लग काढूनही काकांनी लगेच हात घातला नाही. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि वीज बंद झाल्यावरही काच स्वतःच कंडेन्सरसारखी भार धरून ठेवते. लांब स्क्रू ड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक त्यांनी ट्यूबभोवतीच्या अर्थच्या वेणीला जोडलं, एक हात पाठीमागे घेतला आणि रबरी टोपीखाली टोक सरकवलं. बारीक चट् झालं. थोडं थांबून पुन्हा एकदा. मगच टोपी निघाली. ट्यूबची मान फार नाजूक. ती तडकली की आत हवा शिरते आणि सगळं संपतं. म्हणून ट्यूब जागेवर ठेवायची आणि चेसिस तेवढी बाहेर काढायची.

भिंग लावल्यावर दोष दिसला. व्हर्टिकलचा आयसी हीटसिंकला घट्ट बसवलेला. तो तापतो, निवतो, पुन्हा तापतो, आणि वर्षानुवर्षांच्या या ताणाने त्याच्या पायांभोवतीच्या सोल्डरला केसाएवढी गोल चीर पडते. त्या ड्राय सोल्डरमध्ये ठिणग्या उडत राहिल्या असाव्यात. आयसी शॉर्ट, त्याला वीज देणारा फ्युजिबल रेझिस्टर उघडा, शेजारचे दोन कंडेन्सर सुकलेले. काकांना आणखी एक गोष्ट खटकत होती. अ‍ॅनोडला उच्चदाब पुरवणाऱ्या एलओटीतून बारीक सूं सूं ऐकू आली होती. खाडीची खारी, दमट हवा पावसाळ्यात अशा जागी फार त्रास देते. म्हणून पार्टसाठी जायचं ते थेट लॅमिंग्टन रोडला.

काशीमिऱ्याहून रिक्षाने मीरा रोड स्टेशन. तिथून बोरिवली, आणि बोरिवलीहून सुटणारी स्लो, म्हणजे बसायला मिळतं आणि चेसिसला धक्के लागत नाहीत. गाडीत काका मोकळे झाले. ते हे काम शिकले तेव्हा ब्लॅक अँड व्हाइट सेट होते. 1982 च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्यांना पहिल्यापासून शिकावं लागलं. "तेव्हा ट्यूब गेली की नवी ट्यूब यायची," ते म्हणाले. खरंच यायची. गाझियाबादला सॅमटेल आणि मोहालीला जेसीटी ट्यूब बनवत. पैठण रस्त्यावर चितेगावला टीव्ही बनवणाऱ्या व्हिडिओकॉनने तर 2005 मध्ये फ्रान्सच्या थॉमसनचा ट्यूबचा जगभरचा धंदाच विकत घेतला. थोड्याच वर्षांत सपाट पडद्यांनी तो सगळा उद्योग बसवला.

त्यामुळे आता आहेत त्याच ट्यूब. आणि त्यातल्या कितीतरी चांगल्या ट्यूब केवळ एखादा कंडेन्सर सुकला म्हणून भंगारात गेल्या, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ग्रँट रोडला पूर्वेला उतरून चालत गेलं की लॅमिंग्टन रोड. मुंबईच्या एका गव्हर्नरचं हे नाव. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. याच रस्त्यावरच्या मिनर्व्हा थिएटरात 'शोले' पाच वर्षं चालला आणि नाझ थिएटरात चित्रपट वितरकांची कार्यालयं होती. आता दर्शनी दुकानांत लॅपटॉप, सीसीटीव्ही, वायफायचे डबे. आपलं काम गल्ल्यांमध्ये, पोटमाळ्याच्या दुकानांत, भिंतभर लावलेल्या प्लॅस्टिकच्या छोट्या खणांपाशी.

कंडेन्सर पहिल्याच दुकानात मिळाले. काकांनी 85 अंशांचे बाजूला सारले. "105 चे दाखवा." आत उष्णता जास्त आणि दर दहा अंशांमागे कंडेन्सरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून हा आग्रह. व्हर्टिकलच्या एलए 7840 आयसीला मात्र वेळ लागला. पहिल्या दुकानातला आयसी काकांनी उजेडात तिरका धरला, छापील अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि नम्रपणे परत केला. डुप्लिकेट. पुढे एका म्हाताऱ्या दुकानदाराने जुन्या टीव्हीतून काढलेला अस्सल आयसी दिला. काकांनी तो नव्यापेक्षा जास्त आनंदाने घेतला.

एलओटीसाठी आम्ही चेसिस सोबत आणली होती ते बरं झालं. एलओटीवरचा नंबर तंतोतंत जुळावा लागतो. दिसायला सारखे असले तरी पायांची जोडणी वेगळी निघते, आणि चुकीचा बसला तर हॉरिझॉन्टलचा ट्रान्झिस्टर क्षणात उडतो. दुकानामागून दुकानं "आता येत नाही" म्हणत होती. शेवटी एका पोटमाळ्यावर, धुळीने भरलेल्या खोक्यात, बीएससी 25 ने सुरू होणारा आमचाच नंबर निघाला. दुकानदार काकांना म्हणाला, "शेठ, दोन आहेत. दोन्ही घेऊन जा." काकांनी दोन्ही घेतले.

परतताना संध्याकाळची गर्दी होती. मी चेसिस छातीशी धरून उभा राहिलो. वरसाव्याला पोचलो तेव्हा नाक्यावर दिवे लागले होते.

रिसॉर्टच्या टेबलावर काकांनी एकेक पाय नव्याने सोल्डर केला, एलओटी बदलला, जुन्या बोर्डावरचा खारट थर ब्रशने उतरवला. मग सिरीज बोर्ड काढला. शंभर वॉटचा साधा बल्ब मॉनिटरच्या वाटेत जोडायचा. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगत राहतो आणि नवीन पार्ट वाचतात. बल्ब एकदा उजळला आणि मंद झाला. काकांनी बल्ब वगळून थेट वीज दिली. ट्यूबच्या मानेत नारिंगी हीटर पेटला आणि पडदा वरपासून खालपर्यंत भरला.

चित्र उंचीला थोडं आखूड होतं. चेसिस टीव्हीच्या 50 हर्ट्झसाठी बनलेली, गेमचा बोर्ड साठाच्या आसपास चालणारा. काकांनी हाइटचा पॉट हळूहळू फिरवला, मग एलओटीवरचे स्क्रीन आणि फोकसचे नॉब. काळा रंग खरोखर काळा झाल्यावर त्यांनी हात काढला. मागची फळी मात्र लावू दिली नाही. "दोन तास तापू दे. ड्राय असेल तर गरम झाल्यावरच बोलेल."

त्या दोन तासांत रिसॉर्टवर आलेल्या एका कुटुंबातली मुलं तिथे जमली. मुस्तफा कोण घेणार यावर त्यांचं भांडण झालं. काका मधेमधे मागे जाऊन हीटसिंकजवळ हात नेऊन उष्णता बघत होते.

फळी लावल्यावर त्यांनी मालकाला जवळ बोलावलं. "कॅबिनेट भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, मागे हवा खेळली पाहिजे. पावसाळ्यात न खेळता ठेवू नका, रोज अर्धा तास तरी चालू करा, आतली दमट हवा निघून जाते. दुसरा एलओटी माझ्याकडे नको, तुमच्या कपाटात ठेवा. आणि चित्र वरून दुमडायला लागलं की रेघ व्हायची वाट बघू नका, त्याच दिवशी फोन करा."

मालकाने तिथल्या तिथे टेप घेऊन भिंतीपासूनचं अंतर मोजलं.