निळ्या रंगाची तीस वर्षं

डॉक्टर म्हटलं की लोक नाडी पुढे करतात. इंजिनीअर म्हटलं की मुलाच्या नोकरीचा विषय काढतात. ‘मटेरिअल्स केमिस्ट’ म्हटलं की मात्र समोरचा दोन क्षण थांबतो आणि विचारतो, ‘म्हणजे औषधं का?’ गेली तीस वर्षं मी या प्रश्नाला उत्तर देते आहे. नाही हो, औषधं नाहीत. मी असे रेणू तयार करते, ज्यांतून वीज वाहते आणि काहींतून चक्क उजेड पडतो. तुमच्या मोबाइलचा पडदा ‘ओएलईडी’ असेल, तर त्यातला ‘ओ’ म्हणजे ऑरगॅनिक. तो ‘ओ’ आमच्या जमातीचा!

इथे ऑरगॅनिकचा भाजीपाल्याशी काही संबंध नाही. कार्बनच्या सांगाड्यावर उभे असलेले रेणू, एवढाच त्याचा अर्थ. प्लॅस्टिक, रंग, नॅप्थलीनच्या गोळ्या ही सगळी त्यांचीच भावंडं. आता प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, म्हणून तर आपण विजेच्या तारेवर ते चढवतो. मग त्यातून वीज वाहील कशी?

याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९६७ साली टोकियोत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत बाहेरून आलेल्या एका संशोधकाने उत्प्रेरक हवा त्यापेक्षा हजारपट जास्त घातला. काळी भुकटी मिळायची, तिथे चांदीसारखा चकचकीत पापुद्रा मिळाला. दुसऱ्या कुणी तो फेकून दिला असता. शिराकावांनी जपला. पुढे अमेरिकेतले अ‍ॅलन मॅकडायर्मिड जपानला आले असताना त्यांनी तो पाहिला आणि शिराकावांना फिलाडेल्फियाला बोलावून घेतलं. तिथे अ‍ॅलन हीगर यांच्यासोबत त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ दिली आणि त्याची वीज वाहण्याची क्षमता एक कोटी पटीने वाढली! १९७७ साली हे जगासमोर आलं. २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. शिराकावा त्याच वर्षी विद्यापीठातून निवृत्त झाले होते.

मी १९९३ मध्ये पीएच.डी.ला नाव नोंदवलं, तेव्हा ते नोबेल अजून लांब होतं. आमचं घर बडोद्याला. बाबा अंकलेश्वरच्या एका रंगांच्या कारखान्यात शिफ्ट इन्चार्ज होते. बडोदा-अंकलेश्वर रोज गाडीने अप-डाउन. त्यांच्या कारखान्यात ‘सीपीसी ब्लू’ बनायचा, म्हणजे कॉपर फ्थॅलोसायनिन. शेतात टाकतात तो युरिया, थॅलिक अनहायड्राइड आणि तांब्याचा क्षार एकत्र तापवला की तो गर्द निळा रंग तयार होतो. छपाईची शाई, ऑइलपेंट, प्लॅस्टिकचे पिंप, सगळीकडे तो असतो. बाबांचे रुमाल, बनियनचे गळे आणि कानामागच्या घड्या कायम निळसर असायच्या. आई धुऊन धुऊन दमायची. तो रंग काही जायचा नाही.

मला त्याच सुमारास कॉलेजात शिकवायची नोकरी मिळत होती. आत्याने तर स्थळही आणलं होतं. बाबा फक्त एवढंच म्हणाले, ‘पाच वर्षं घालवून हाती काय येणार, ते मला समजेल असं सांग.’ मला सांगता आलं नाही. ‘माहीत नाही, पण करायचं आहे’ एवढंच मी म्हणाले. त्यावर ते गप्प राहिले. महिन्याअखेरीस मात्र वसतिगृहाचे पैसे भरून आले.

आणि बघा योगायोग! वाचायला लागले तेव्हा कळलं, की अमेरिकेत कोडॅक कंपनीत चिंग टँग नावाच्या शास्त्रज्ञाने १९८६ साली दोन थरांचा ऑरगॅनिक सौर घट केला होता. उन्हातली जेमतेम एक टक्का ऊर्जा तो विजेत बदलायचा, पण या क्षेत्रात ती मोठी मजल होती. त्यातला एक थर कशाचा होता? कॉपर फ्थॅलोसायनिनचा! माझ्या बाबांच्या रुमालावरच्या त्याच निळ्याचा. ही गोष्ट मी सुट्टीत घरी सांगितली. बाबांनी चहाचा कप खाली ठेवला आणि विचारलं, ‘किती शुद्ध लागतो?’ कारखान्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने नेमकी नस पकडली होती.

कारण आमच्या कामात शुद्धता हेच सगळं. कारखान्यात रंग पोत्याने निघतो. आम्ही तो चिमूटभर घेऊन निर्वात नळीत तापवतो. कापूर जसा न वितळता उडतो, तसा तो उडतो आणि नळीच्या थंड भागात पुन्हा जमतो. मळ मागे किंवा पुढे राहतो. यालाच संप्लवन म्हणतात. एकदा, दोनदा, तीनदा. हाती येतो अर्धा ग्रॅम. त्याचा केसाच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतका पातळ थर काचेवर चढवायचा. हवेतली वाफ आणि प्राणवायू हे त्याचे वैरी, म्हणून काचेच्या बंद पेटीत जाड रबरी हातमोज्यांतून हात घालून काम करायचं. उन्हाळ्यात त्या मोज्यांत हात उकडून निघतात. माझ्या लग्नाच्या मेंदीचा रंगही मी त्या मोज्यांतच घालवला!

१९८७ साली टँग आणि त्यांचे सहकारी व्हॅन स्लाइक यांनी असाच पातळ थर दहा व्होल्टपेक्षा कमी दाबावर उजळवून दाखवला. एका बाजूने इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्या बाजूने इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा. दोघांची गाठ पडली की उजेड. रंग कोणता, ते रेणूच्या बांधणीवर. पण निसर्गाची गोम अशी, की चारांतल्या तीन भेटींतून साध्या रेणूत उजेडच पडत नाही. इरिडियमसारखा जड धातू रेणूत बसवला, की त्या तीन भेटीही कामी येतात. लाल आणि हिरव्या रंगाचं त्यामुळे छान जमलं. अडलं ते निळ्यापाशी. निळ्या प्रकाशाची ऊर्जा जास्त. ती रेणूतच साठते आणि त्याचेच बंध तोडते. दिवा ज्या उजेडासाठी लावायचा, त्या उजेडानेच वात खाऊन टाकावी, तसं. म्हणून बहुतेक पडद्यांत निळ्यासाठी जुनी, कमी कार्यक्षम पण टिकाऊ पद्धतच वापरावी लागली.

माझी उमेदीची सगळी वर्षं या निळ्यामागे गेली. पीएच.डी. झाली, परदेशात दोन वर्षं झाली, मग एका खासगी कंपनीच्या संशोधन विभागात नोकरी लागली. आम्ही चौदा जण होतो. २००९च्या मार्चमध्ये एका सोमवारी आम्हाला सांगण्यात आलं, की विभाग बंद होतो आहे. मुलगी तेव्हा सातवीत होती, घराचे हप्ते चालू होते. संप्लवनाची नळी थंड व्हायलाही वेळ मिळाला नाही. सात महिने घरी बसले. मग एका छोट्या संस्थेत आधी कंत्राटावर, नंतर कायम झाले. आज तिथेच शिकवते आणि संशोधन करते.

हे कुणा एकीचं दुःख नाही. पाया ज्या कोडॅकने रचला, तिनेही २००९च्या अखेरीस आपला ओएलईडी व्यवसाय कोरियाच्या एलजीला विकला आणि २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. १९८७चा शोध १९९७ मध्ये पायोनिअरच्या मोटारीतल्या रेडिओवर दिसला आणि २००७ मध्ये सोनीच्या अकरा इंची टीव्हीवर. वीस वर्षं! या क्षेत्रात झाड लावणारा आणि आंबा खाणारा सहसा वेगवेगळा असतो.

खरं सांगायचं, तर मी बनवलेला एकही रेणू आज कुणाच्या मोबाइलमध्ये नाही. पन्नासएक रेणू केले, सगळे काही तासांत विझले. मग माझ्या हाती उरलं काय? त्यांतला प्रत्येक रेणू कुठल्या बंधापाशी तुटला, हे आम्ही मोजून, छापून ठेवलं. मागून येणाऱ्यांनी ती वाट पुन्हा चालू नये एवढ्यासाठी. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या देशातल्या एका गटाने आमच्या त्या तक्त्याचा आधार घेऊन नेमका तो कमकुवत बंध टाळला. त्यांचा रेणू आमच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकला. तो निबंध वाचून मी मुलीला फोन केला आणि मला नीट बोलताच येईना. बाबा तोवर गेले होते.

यंदा माझी भाची बारावी झाली. तिला रसायनशास्त्र घ्यायचं आहे, भावाला कॉम्प्युटर हवा आहे. दोघंही माझ्याकडे निवाडा मागायला आले. मी निवाडा दिला नाही, हिशोब दिला. बी.एस्सी., एम.एस्सी., मग नेटची परीक्षा. ज्युनिअर फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना सदतीस हजार, पण पीएच.डी.ची पाच वर्षं धरायची. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, तिरुवनंतपुरमची ‘निस्ट’, कानपूरची आयआयटी, अशा ठिकाणी हे काम चालतं. पस्तिशीपर्यंत स्थैर्य नाही, हे आईवडिलांनीही आधीच मनाशी पक्कं करायला हवं. पैशापेक्षा त्यांचा धीर जास्त लागतो, कारण मुलगी ‘अजून शिकतेच आहे का?’ हा प्रश्न लग्नकार्यात त्यांनाच विचारला जातो.

भाचीला मात्र बाजूला घेऊन एवढंच सांगितलं : एक सुट्टी माझ्या प्रयोगशाळेत ये. एकच पदार्थ तीनदा शुद्ध कर. चौथ्यांदा करावासा वाटला, तरच अर्ज भर. मे महिन्यात ती येते आहे. हातमोज्यांची एक लहान मापाची जोडी मी मागवून ठेवली आहे.