डॉक्टर, कुणाला कळणार तर नाही ना?

दवाखाना बंद करायच्या वेळी जो पेशंट "अशक्तपणा वाटतोय" म्हणत येतो, त्याला मी आधी दार लावून घ्यायला सांगतो. आमचं शहर नावालाच शहर. मेडिकलवाला तुमच्या मेहुण्याचा वर्गमित्र, लॅबमधली मुलगी बायकोच्या भिशीत. त्यामुळे एजन्सीमार्फत पैसे देऊन संबंध आला आणि निरोध फाटला, की आजारापेक्षा ओळखीच्या माणसांचीच धास्ती जास्त. (आमचा कंपाउंडरही पूर्वी तक्रारीसकट नाव पुकारायचा. ती सवय मोडायला मला वर्ष लागलं.)

असाच एक जण पाचव्या दिवशी आला. चार दिवस तो फक्त कुठल्या गावाला जाऊन दाखवावं, याच विचारात होता. एचआयव्ही टाळणारी पीईपीची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, २८ दिवस घ्यावी लागतात. ती वेळ गेली होती. हे त्याला सांगणं मला जड गेलं.

तुम्ही घाबरून थांबू नका. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये तपासणी मोफत होते, समुपदेशक एकट्याशी बोलतो. २०१७च्या एचआयव्ही कायद्याने निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. अपवाद आहेत, तेही सांगतो: निकाल पॉझिटिव्ह आला, जोडीदाराला धोका असला आणि समजावूनही तुम्ही सांगितलं नाही, तर तुम्हाला कल्पना देऊन डॉक्टर जोडीदाराला सांगू शकतात. शेजाऱ्याला नाही. फोनवर विचारायचं तर १०९७ मोफत आहे.

तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी होईपर्यंत बायकोशीही निरोध वापरायला मी त्याला सांगितलं. ठरल्या दिवशी तो आला. पहिल्यांदा चुलतभावाचं नाव दिलं होतं, या वेळी स्वतःचं सांगितलं.