केडगावची रात्र

चर्चच्या युवा संघाची 14 मुलं घेऊन आम्ही दोघी पुण्याहून केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनच्या गावी, दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. मोबाइल पिशवीत जमा केले तेव्हाचा गहजब विचारू नका! पण तासाभरात गिटार निघाली, ना. वा. टिळकांची गीतं सुरू झाली. ढोलकी म्हणून स्टीलचा डबा.

रात्री प्रार्थनेनंतर नववीतली एक मुलगी हळूच म्हणाली, "ताई, मी रोज प्रार्थना केली. तरी पप्पा गेलेच ना?"

अशा वेळी लगेच वचन ऐकवणारी मोठी माणसं मला पटत नाहीत. मी तिच्याशेजारी बसले. मग रमाबाईंचं सांगितलं. आईवडील दुष्काळात गेले, 1882 मध्ये पती, 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा. बायबलच्या मराठी भाषांतराचं काम मात्र सुटलं नाही. 1922 मध्ये, मरणाच्या थोडं आधी त्यांनी ते पुरं केलं.

"त्यांना देवाचा राग नसेल आला?"

"आला असेलही."

ती बराच वेळ गप्प होती. मग तिनं मुलांना पप्पांच्या आवडीचं गीत सांगितलं. गिटारवाला सूर शोधू लागला.