लेक जुबाला निघाली

२०१८ सालची गोष्ट. वाळूजला बजाजनगरात आमचे दोन खोल्यांचे घर. हे कंपनीत मशीनवर, मी पॅकिंगला. थोरलीने नर्सिंगचा तीन वर्षांचा कोर्स पूर्ण केला, पुढे चार वर्षे प्रसूतिकक्षात काढली. आता तिला कायमची नोकरी लागेल, घराचे हप्ते फिटतील, असा आमचा हिशेब चालला होता. तर एका रविवारी ती म्हणाली, "आई, संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक योजनेत माझी निवड झाली. वर्षभर दक्षिण सुदानला जायचंय. जुबाला."

"पगार किती?"

"पगार नाही. राहण्या-खाण्यापुरता भत्ता मिळतो."

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवले. "माझ्या सासऱ्यानं निजामाच्या राज्यात गावाची वेठ केली. मेलेली ढोरं ओढली, रातच्याला सायबाचं सामान डोक्यावर वाहिलं. दमडी भेटली नाही. अन् तू इतकं शिकून परत फुकटचंच काम करायला चालली?"

घरात कोणी बोलेना. आत्याबाईंचे म्हणणे मला तरी खोटे वाटले नाही. कष्टाचे दाम मागायला शिकण्यातच आपल्या माणसांच्या पिढ्या गेल्या.

पोरगी त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आजी, पणजोबांना नाही म्हणता येत नव्हतं. मला येतं. मी माझ्या मनानं हो म्हटलंय."

ह्यांनी तिची बाजू घेत डॉ. कोटणिसांचे उदाहरण काढले. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे, वडील गिरणीत कारकून. मुंबईला डॉक्टरीचे शिक्षण झाले आणि १ सप्टेंबर १९३८ रोजी पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते बोटीने चीनला गेले. तिकडे युद्ध पेटलेले. ते तिथे असतानाच वडील वारले, तरी परतले नाहीत. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत राहिले. तिथल्याच परिचारिकेशी लग्न केले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी गेले, तेव्हा मुलगा काही महिन्यांचा होता.

मी म्हटले, "चांगलं उदाहरण दिलंत! गेला तो आलाच नाही!"

आमची परत आली, सुखरूप आहे, म्हणून आज हे लिहायचा धीर होतो. तेव्हा मात्र रात्र-रात्र डोळा लागत नव्हता. तो देश २०११ ला स्वतंत्र झालेला, २०१३ पासून यादवी, आणि तह होऊन जेमतेम महिना झालेला. बाळंतपणात बाया दगावण्याचे प्रमाण तिथे जगात फार वरचे, म्हणूनच सुईणकाम जाणणाऱ्या परिचारिका हव्या होत्या. पिवळ्या तापाची लस निघण्याआधी दहा दिवस तरी घ्यावी लागते, ती तिने मुंबईला जाऊन घेतली. मी भाकरी थापायची आणि ती शेजारी बसून मोबाईलवर सुरक्षेचे धडे वाचायची. गोळीबार सुरू झाला तर काय करायचे, हेही त्यात होते. माझी भाकर करपली.

पोहोचल्यावर चौथ्या दिवशी फोन आला. पहिली पाळी झाली होती, एक मुलगी जन्मली होती, आई-बाळ ठीक होते. आत्याबाईंनी फोन ओढून घेतला. "खायला काय भेटतं?"

"ज्वारीच आहे, आजी. पीठ आंबवून पातळ भाकर करतात. किसरा म्हणतात."

"ज्वारी आहे व्हय?" आत्याबाई जरा वेळ गप्प राहिल्या. "पण पातळ कशापायी करत्यात?"